सहा भिंती हलू नयेत म्हणून

सबवूफरचा, म्हणजे बास (गाण्यातला खालचा, घुमणारा आवाज) वाजवणाऱ्या स्पीकरचा, बॉक्स बनवायचा म्हणजे काय, तर सहा फळ्या कापायच्या, एकीला गोल भोक पाडायचं, ग्लू लावून जोडायच्या, वरून कार्पेट मारलं की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं आणि बाहेरून बघितलं तर खरंच एवढंच दिसतं. मला मात्र या कामाची जी ओढ आहे ती आतल्या भागाची, जो एकदा ड्रायव्हर, म्हणजे प्रत्यक्ष वाजणारा गोल स्पीकर, बसवला की कुणाला दिसणार नसतो. आडपट्टी कुठे टाकली, कोपऱ्यात ग्लूची रेघ कशी ओढली, तळाला ठोकळा का दिला, या सगळ्या गोष्टी. स्पीकरमध्ये बाकी सगळं हलण्यासाठीच असतं, तारेची कॉइल हलते, पुढचा शंकूसारखा पडदा म्हणजे कोन हलतो, हवा हलते. बॉक्सने तेवढं जागच्या जागी राहायचं असतं. आणि जागच्या जागी राहणं हे किती अवघड काम आहे ते बॉक्स बनवायला लागल्यावर कळतं.

एकदा एक मित्र गाडीतला बॉक्स काढून घेऊन आला. तयार घेतलेला, १२ इंची ड्रायव्हरचा, दिसायला एकदम देखणा. "आवाज फाटतोय रे, ड्रायव्हर गेला बहुतेक, नवा कुठला घेऊ सांग," म्हणाला. मी म्हटलं, ड्रायव्हरचं नंतर बघू, आधी इथे हात ठेव. ४० हर्ट्झचा साधा टोन लावला आणि त्याचा तळहात मागच्या फळीवर ठेवायला लावला, तर त्याने दचकून हात काढलाच! मग बॉक्सच्या वरच्या फळीवर एक नाणं ठेवलं आणि आवाज हळूहळू वाढवत नेला. थोडा वेळ नाणं गप्प होतं, मग कडकड करायला लागलं आणि नाचत नाचत कडेला जाऊन पडलं.

हे नाणं म्हणजे माझं आवडतं मोजमाप आहे. कारण यात हिशोब आहे. ४० हर्ट्झला एखादा पृष्ठभाग मधल्या स्थितीपासून साधारण ०.१५ मिलिमीटर वर आणि तेवढाच खाली जायला लागला की त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाएवढं होतं, आणि त्यापुढे त्याच्यावर ठेवलेली सुटी वस्तू उडायला लागते. म्हणजे नाणं नाचलं याचा अर्थ ती फळी सेकंदाला ४० वेळा, डोळ्याला न दिसता, निदान एवढी तरी वाकत होती. भोकातून आत बघितलं तर पार्टिकल बोर्ड जेमतेम १२ मिमीचा, आत एकही आडपट्टी नाही, आणि खालच्या एका कोपऱ्यात सांधा उघडलेला, ज्यातून हवा फसफस बाहेर येत होती. मित्र ज्याला आवाज फाटणं म्हणत होता ते हेच. ड्रायव्हर ठणठणीत होता.

आत नेमका किती जोर असतो याचा एकदा तरी प्रत्येकाने आकडा काढून बघावा, कारण तो काढला की फळीकडे बघायची नजरच बदलते. १२ इंची ड्रायव्हरच्या कोनचं क्षेत्रफळ ४८० चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतं. तो १२ मिमी आत गेला तर साधारण ०.६ लिटर हवा दाबली जाते. बॉक्स २८ लिटरचा धरला तर आकारमान २ टक्क्यांनी कमी झालं, आणि हवा इतक्या झटक्यात दाबली की दाब आकारमानाच्या १.४ पटीने वाढतो, म्हणजे जवळजवळ ३ टक्के. ३ टक्के ऐकायला काहीच वाटत नाही, पण वातावरणाच्या दाबाचे ३ टक्के म्हणजे चौरस मीटरला ३०० किलोचा भार! ४० बाय ३५ सेंटिमीटरच्या एका फळीवर तो ४२ किलो होतो. म्हणजे कुणीतरी ४२ किलोने ती फळी आतून ढकलतंय आणि लगेच तेवढ्याच जोराने आत ओढतंय, सेकंदाला ४० वेळा, तासाभरात १ लाख ४४ हजार वेळा. अर्थात कोण इतका वेळ पूर्ण जोरात एकच टोन लावतं, पण आकडा कुठल्या घरातला आहे ते लक्षात येतं. हे डोक्यात ठेवून कोपऱ्यातल्या त्या बारीक सांध्याकडे बघा, त्याने इतके दिवस तग धरला याचंच कौतुक वाटतं.

आता इथे एक गोष्ट मला स्पष्ट सांगावीशी वाटते, कारण याबद्दल फार अतिशयोक्ती चालते. ब्रेसिंग केलं, म्हणजे आतून आडपट्ट्यांचा आधार दिला, की बास दुप्पट होतो वगैरे, तसं काही होत नाही. कोन आत जातो तेव्हा बाहेरच्या बाजूला हवा विरळ होते, त्याच क्षणी आतला दाब भिंतींना बाहेर ढकलतो आणि त्या बाहेरची हवा दाबतात, म्हणजे कोनच्या बरोब्बर उलटं काम करतात. तेवढा आवाज खाल्ला जातो हे खरं. पण बरा बनवलेला छोटा बॉक्स असेल तर हा तोटा डेसिबलमध्ये अगदी किरकोळ असतो, कानाला कळेलच असं नाही. आवाज वाढवण्यासाठी म्हणून मी ब्रेसिंग करत नाही. सांधे टिकावेत, हवा गळू नये, आणि फळीने स्वतःचा सूर मिसळू नये म्हणून करतो. मोठा बॉक्स असला, दोन दोन १५ इंची ड्रायव्हर आणि लांबरुंद फळ्या, तर मग मात्र गोष्टच वेगळी, तिथे खरंच आवाजही मार खातो.

आणि वेगळी का, तर गणितामुळे. हे गणित मला मनापासून आवडतं. फळीचा ताठरपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. १८ मिमीऐवजी २५ मिमी वापरली तर ताठरपणा साधारण २.७ पट. बरं वाटतं. पण फळीचं वाकणं हे तिच्या मोकळ्या अंतराच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं, म्हणजे फळीला मध्ये आधार देऊन मोकळं अंतर निम्मं केलं की वाकणं जवळजवळ १६ पटीने कमी! आणि तिची स्वतःची कंपनसंख्या चौपटीच्या आसपास वर जाते, म्हणजे सबवूफर जिथे वाजतो त्या ८० हर्ट्झच्या टापूच्या कितीतरी पलीकडे, जिथे तिला छेडायला कुणी येणारच नाही. एका मनगटाएवढ्या लाकडी दांड्याने जे होतं ते सगळ्या फळ्या जाड करून होत नाही. तरी लोक ३६ मिमीच्या भिंती करतात, बॉक्स दोघांना उचलत नाही, गाडीचा मागचा भाग बसतो, आणि आत बघावं तर एकही आडपट्टी नाही. मला हे बघवत नाही खरंच.

तर मित्राच्या बॉक्सचं आम्ही काय केलं. नवा बनवणं सोपं असतं, तयार बॉक्स आतून मजबूत करणं जास्त किचकट, कारण सगळं त्या ड्रायव्हरच्या भोकातून करायचं, जे १२ इंचीला साधारण २८ सेंटिमीटरचं असतं. आधी आतून सगळीकडे खरखरीत पॉलिश पेपर मारला, धूळ पूर्ण पुसून काढली, कारण धुळीवर ग्लू धरत नाही. उघडलेल्या सांध्यात बारीक पट्टीने जमेल तितका ग्लू आत रेटला आणि बाहेरून क्लॅम्प लावून तो बंद केला. मग प्रत्येक कोपऱ्यात तिकोनी पट्ट्या, दोन्ही बाजूंना भरपूर ग्लू लावून. मग दांडे. जाडसर गोल दांडा घ्यायचा, आतलं अंतर मोजायचं आणि दांडा त्या अंतरापेक्षा अगदी मिलिमीटरभर लांब कापायचा. तो भोकातून तिरका आत घालायचा, एक टोक एका भिंतीला टेकवायचं आणि दुसरं टोक हातोडीने हळूहळू ठोकत सरळ करत न्यायचं. शेवटच्या दोन ठोक्यांना हाताखाली भिंत किंचित फुगल्यासारखी होते आणि दांडा असा काही घट्ट बसतो की हाताने हलत नाही. त्या क्षणी ठोक्याचा आवाजही बदलतो, ढब ढब येत होता तो एकदम टक्क येतो. एक दांडा डावी-उजवी, एक वर-खाली, दोन्ही जिथे एकमेकांना छेदतात तिथे ग्लू आणि दोरी गुंडाळून पक्कं केलं. मॅग्नेटच्या मागे बोटभर जास्तच जागा सोडली, कारण बऱ्याच ड्रायव्हरला मागे मधोमध श्वास घ्यायचं भोक असतं आणि ते अडलं तर कॉइल तापते.

ग्लू पूर्ण सुकू दिला. मग तोच टोन, तोच आवाज, तेच नाणं. ते जागचं हललं नाही. मित्र वाकून वाकून बघत होता, दोनदा ॲम्प्लिफायर चालू आहे ना म्हणून तपासलं त्याने.

नवा बॉक्स बनवताना हे सगळं आधीच हाताशी असतं त्यामुळे मजा वेगळी. मी १८ मिमीचा एमडीएफ (लाकडाचा बारीक भुसा रेझिनने दाबून केलेली फळी) वापरतो, चांगला प्लाय मिळाला तर प्लाय. एमडीएफ सपाट असतो, आत पोकळी नसते, कापायला गुणी, पण जड, चौरस मीटरला १३ किलोच्या आसपास, आणि पाण्याचा वैरी. ओल लागली की कडा फुगते आणि परत बसत नाही. प्लाय हलका आणि ताठ, स्क्रू जास्त चांगला धरतो, फक्त आतल्या थरात पोकळी राहिलेली असेल तर तीच फळी किरकिर करते, म्हणून कापल्यावर कडा नीट बघून घ्यायच्या. आणि एमडीएफ कापताना मास्क हवाच, याबाबत मी कुणाचं ऐकत नाही. ती धूळ पिठासारखी बारीक असते, वर त्यातल्या रेझिनमध्ये फॉर्मल्डिहाइड, आणि लाकडाची धूळ काय किंवा फॉर्मल्डिहाइड काय, दोन्ही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहेत, म्हणजे माणसाला कर्करोग करतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींत.

सांध्याचं शहाणपण मला एका सुतारकाकांनी दिलं. मी दर दोन इंचाला स्क्रू मारायला निघालो होतो तर म्हणाले, "अरे बाळा, स्क्रू कशाला एवढे? जोडतो तो ग्लू. स्क्रू फक्त तो सुकेपर्यंत धरून ठेवायला." आणि खरंच आहे ते. नीट सुकलेला सांधा मुद्दाम तोडून बघा, ग्लूची रेघ शाबूत राहते आणि शेजारचा एमडीएफ थरासकट उपटून येतो. त्यांनीच शिकवलं की कापलेली कड ग्लू पिते, म्हणून तिला आधी पातळसा हात द्यायचा, तो मुरला की मग खरा ग्लू लावायचा. स्क्रूला आधी बारीक ड्रिल मारून घ्यायचं नाहीतर एमडीएफची कड चिरते. आणि प्रत्येक फळीला गुण्या लावायचा, कारण पहिला कोपरा केसभर जरी वाकडा गेला तरी सहावी फळी बसवताना तो हिशोब चुकता करावा लागतो, तेव्हा फट दिसते आणि मग माणूस ती पुट्टीने भरतो. भुसा आणि ग्लू कालवून आतल्या सगळ्या सांध्यांवर बोटाने ओढायचा हेही त्यांचंच. तो गोलसर भरलेला कोपरा मला आजही बॉक्समधली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

पुढची फळी मात्र मी दुहेरी करतो, तिथे जाडी हवीच. भोक पाडून तिची अर्धी ताकद आपणच काढलेली असते, वर सात-आठ किलोचा ड्रायव्हर तिच्यावरच लटकणार. भोकाची आतली कड मागच्या बाजूने तिरकी घासून घ्यायची म्हणजे कोनमागची हवा दुहेरी फळीच्या बोगद्यात अडकत नाही. ड्रायव्हरला लाकडाचे स्क्रू नकोत, मागून टी-नट (लाकडात रुतून बसणारे नट) बसवून मशीनचे बोल्ट लावायचे, फोमची पट्टी मध्ये, आणि बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे. आणि मधली आडपट्टी दांड्याऐवजी अख्खी फळी असते, खिडक्या कापलेली, चारही कडांनी भिंतींना चिकटलेली. खिडक्यांची एकूण जागा कोनच्या क्षेत्रफळापेक्षा जास्त ठेवायची, नाहीतर एका बॉक्सचे नकळत दोन बॉक्स होतात. ती बरोब्बर मध्यावर असावी की जरा बाजूला यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. जरा बाजूला ठेवली तर दोन्ही तुकडे एकाच सुरात वाजत नाहीत हे खरं, पण सबवूफरमध्ये त्या सुरापर्यंत आपण जातच नाही, तेव्हा एवढा कीस काढायची गरज नाही. तीच गोष्ट बॉक्सच्या बाजूंच्या त्या सोनेरी गुणोत्तराची. ४० सेंटिमीटरच्या बॉक्समध्ये पहिली उभी लहर, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींत अडकून घुमणारी लहर, ४३० हर्ट्झच्या आसपास येते, सबवूफर ८० ला थांबतो. गाडीत जे बसेल ते माप धरा, सीटच्या पाठीच्या तिरकेपणाने उतार द्या, आकारमान बरोबर आलं की पुरे.

आकारमान मात्र खरंच बरोबर यायला हवं, आणि आतल्या पट्ट्या, ठोकळे, ड्रायव्हरचा मागचा भाग हे सगळं त्यातून वजा करायचं. आज हे आपल्याला किती सोपं झालंय! ड्रायव्हरबरोबर कागद येतो, त्यावर एफएस, क्यूटीएस, व्हीएएस असे त्या ड्रायव्हरच्या स्वभावाचे आकडे लिहिलेले असतात, ते विनआयएसडीसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये टाकले की आलेख समोर. हे आकडे ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांच्या १९६१ च्या निबंधातून आणि त्यावर रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेल्या कामातून आले. त्याआधी लोक अंदाजाने बॉक्स बनवायचे, ऐकायचे, परत बनवायचे. आणि छोटा बंद बॉक्स हीच मुळात एका माणसाची जिद्द. एडगर विलचर. तेव्हा चांगला बास म्हणजे कपाटाएवढा स्पीकर असं समीकरण होतं, त्यांनी कोनची लटकण, म्हणजे तो ज्या लवचिक कडेवर तोललेला असतो ती, मुद्दाम सैल ठेवली आणि आतल्या कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंग बनवलं. १९५४ साली त्यांचा एआर-१ आला. कोंडलेली हवा ही कापडाच्या, रबराच्या लटकणीपेक्षा जास्त इमानदार स्प्रिंग असते, पण एकच अट, हवा कोंडलेली राहिली पाहिजे. म्हणजे परत आपण सांध्यांवरच आलो.

पोर्टवाला बॉक्स, म्हणजे हवा आत-बाहेर करायला मुद्दाम नळी ठेवलेला, मी कमी बनवतो. ती कल्पना त्याहून जुनी, बेल लॅबच्या अल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्ये पेटंट मिळालं, आणि कल्पना म्हणून फारच हुशार आहे. पण ज्या सुराला पोर्ट लावलेला असतो त्या सुराला कोन सगळ्यात कमी हलतो आणि आतला दाब चढतो, म्हणजे कोन शांत दिसतोय म्हणून भिंतींनाही आराम असेल असं समजू नये. तिथे ब्रेसिंग जास्त लागतं, कमी नाही. बंद बॉक्स मला गाडीसाठी आवडतो त्याला आणखी एक कारण आहे. बंद बॉक्सचा आवाज खाली जाताना ऑक्टेव्हला, म्हणजे हर्ट्झ निम्मे झाले की, १२ डेसिबलने उतरतो, आणि गाडीची केबिन बंद असल्यामुळे ती खालचे सूर उलट उचलून धरते. केबिन ३ मीटर लांब धरली तर साधारण ५७ हर्ट्झच्या खाली हे सुरू होतं आणि कागदावर तेही ऑक्टेव्हला १२ च. प्रत्यक्षात काचा, पत्रा, दारांच्या फटी यातून बरंच गळतं, पण तरी एक उतार आणि एक चढ एकमेकांना जवळजवळ मिटवतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता, अजूनही होतो.

गळती तपासायची तर ड्रायव्हर बसवायच्या आधी अंधाऱ्या खोलीत बॉक्सच्या आत पेटता टॉर्च ठेवायचा, भोक जाड कापडाने झाकायचं आणि सगळ्या सांध्यांवरून नजर फिरवायची. सुईएवढा जरी उजेड दिसला तरी तिथून हवा जाणार. वायरच्या टर्मिनलची जागा सगळे विसरतात, सगळ्यात जास्त गळती तिथेच. आत सिलिकॉन लावलं असेल तर आंबट वास पूर्ण जाईपर्यंत ड्रायव्हर बसवायचा नाही, ती व्हिनेगरची वाफ असते आणि बंद डब्यात ती ड्रायव्हरच्या चिकटवलेल्या जागांवर बसलेली बरी नाही. शेवटी ड्रायव्हर बसवला की कोन दोन्ही तळहातांनी समान दाबून आत ढकलायचा आणि तसाच धरून ठेवायचा. आतल्या हवेचा जोर लगेच ओसरला तर कुठेतरी गळतंय. तो टिकून राहिला तर काम झालं.

गाडीत बसवल्यावर बॉक्स गप्प आणि नंबर प्लेट बोलतीये असं व्हायचंच, डिकीचं झाकण, मागचं शेल्फ, सगळ्यांना एकेक करून शोधून फोम लावायचा, त्यात काही विशेष नाही. विशेष आहे ते बॉक्स गाडीला बांधणं, आणि याबद्दल मला खरोखर कळकळीने लिहायचंय. ड्रायव्हरसकट बॉक्स २०-२५ किलोचा होतो. टक्कर झाली आणि गाडी क्षणात थांबली तर वजनाच्या २० पट जोर सहज येतो, म्हणजे २२ किलोचा बॉक्स जवळजवळ साडेचारशे किलोसारखा मागच्या सीटवर येतो, आणि त्या सीटवर बहुतेक वेळा घरातलं सगळ्यात लहान माणूस बसलेलं असतं. कार्पेटला चिकटणारा वेल्क्रो याला पुरणार नाही. म्हणून मी बॉक्स बनवतानाच तळाला आतून, जिथे खिडकीची आडपट्टी येऊन टेकते तिथे दोन्ही बाजूंना जाड ठोकळे चिकटवतो आणि त्यात टी-नट पुरून ठेवतो, बाहेरून लोखंडी अँगल त्यालाच बोल्ट होतो, बोल्टाच्या भोकाला सीलंट. अँगलचं दुसरं टोक गाडीच्या सीटच्या किंवा सामान बांधायच्या मूळ नटांना धरतो. तशी जागा नसेल तर पत्र्याला भोक पाडावं लागतं, त्याआधी गाडीखाली झोपून पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग कुठून गेलंय ते डोळ्यांनी बघून घ्यायचं, आणि पत्र्याच्या खालून मोठा जाड वॉशर टाकायचा म्हणजे ओढ बसली तर बोल्ट पत्रा फाडून वर येत नाही. मित्राच्या बॉक्सला आत ठोकळे घालायला ते २८ सेंटिमीटरचं भोक पुरलं, त्यामुळे त्याचाही बॉक्स आता असाच बांधलेला आहे.